घरगुती संगणकास विषाणूरोधक आज्ञावलीची आवश्यकता : एक विवेचन
(वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या घरातील संगणक आज केवळ करमणुकीचे साधन राहिलेला नाही. प्रश्नपत्रिका, अंतर्गत गुण, विद्यार्थ्यांची कागदपत्रे, शोधप्रबंधाची प्रकरणे आणि बँकेचे व्यवहार या सर्वांचा भार तो वाहतो. अशा संगणकावर विकतची विषाणूरोधक आज्ञावली, म्हणजेच अँटिव्हायरस, बसवावी की नाही, हा प्रश्न दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात संगणक विषाणूंची वाटचाल, विषाणूरोधक आज्ञावलीचे कार्य, तिच्या मर्यादा आणि विंडोजमधील अंगभूत संरक्षण यांचा परामर्श घेऊन निर्णयासाठी पाच प्रश्नांची चौकट मांडली आहे. अद्ययावत व अधिकृत विंडोज असलेल्या बहुसंख्य घरगुती संगणकांना वेगळ्या विकतच्या आज्ञावलीची आवश्यकता नाही. मात्र त्यांना दुसऱ्या प्रतीची आवश्यकता निश्चित आहे, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संगणक विषाणू, विषाणूरोधक आज्ञावली, अद्ययावतीकरण, रॅन्समवेअर, दुसरी प्रत, घरगुती संगणक.

१. प्रस्तावना

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेली वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये वर्धा शहराप्रमाणेच आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी अशा गावांतही आहेत. या महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे बरेचसे कार्यालयीन काम आता घरी, स्वतःच्या संगणकावर होते. नॅकसाठी लागणारी माहिती, विभागाचा वार्षिक अहवाल, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी विद्यार्थ्यांनी दिलेल्या आधार कार्डाच्या व जातीच्या दाखल्याच्या प्रती, परिसंवादासाठीचे शोधनिबंध अशा नानाविध फाइली महाविद्यालयातून पेन ड्राइव्हवर घरी येतात आणि पेन ड्राइव्हवरच परत जातात. वाटेत झेरॉक्स सेंटरच्या संगणकालाही त्या पेन ड्राइव्हची जोडणी होते.

या पार्श्वभूमीवर संगणकाच्या सुरक्षिततेविषयी दोन टोकाच्या भूमिका आढळतात. अँटिव्हायरस विकत घेतला म्हणजे संगणक सुरक्षित झाला, ही पहिली भूमिका. अँटिव्हायरसमुळे संगणक मंदावतो म्हणून तो काढूनच टाकावा, ही दुसरी. दोन्ही भूमिकांमध्ये एक समान उणीव आहे. संगणकास धोका नेमका कोठून आहे आणि त्यावरील कोणत्या गोष्टीचे नुकसान भरून निघण्यासारखे नाही, याचा विचार त्यांत होत नाही. संशोधक विद्यार्थ्याची तीन-चार वर्षांची क्षेत्रीय माहिती एका संगणकात एकाच प्रतीत असेल आणि ती नष्ट झाली, तर नवा परवाना विकत घेऊन ती परत मिळत नाही. म्हणूनच या विषयाचा साकल्याने विचार होणे अगत्याचे ठरते.

२. विवेचनाची उद्दिष्टे

१) संगणक विषाणू व विषाणूरोधक आज्ञावली यांची वाटचाल समजून घेणे.
२) विषाणूरोधक आज्ञावली काय करू शकते व काय करू शकत नाही, हे स्पष्ट करणे.
३) ऑपरेटिंग सिस्टीममधील अंगभूत संरक्षणाची पर्याप्तता तपासणे.
४) घरगुती संगणकासाठी निर्णयाची व्यवहार्य चौकट सुचविणे.

३. संगणक विषाणू : संकल्पना व वाटचाल

स्वतःच्या प्रती तयार करून अन्य फाइलींत वा संगणकांत पसरणाऱ्या आज्ञावलीस संगणक विषाणू असे म्हणतात. व्यवहारात मात्र सर्वच उपद्रवी आज्ञावलींना 'व्हायरस' हाच शब्द वापरला जातो. त्यांचे प्रकार भिन्न आहेत. नेटवर्कमधून आपोआप पसरतो तो वर्म. उपयुक्त आज्ञावलीचे सोंग घेऊन येतो तो ट्रोजन. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते ते रॅन्समवेअर. आणि कळफलकावरील नोंदी वा साठविलेले पासवर्ड चोरून पाठवते ते हेर स्वरूपाचे सॉफ्टवेअर होय. यांपैकी प्रत्येकाचा प्रवेशमार्ग निराळा असल्याने उपायही निराळा असतो.

वैयक्तिक संगणकावरील सर्वपरिचित आद्य विषाणू 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोर येथील अल्वी बंधूंनी तयार केला. तो फ्लॉपीच्या आरंभ विभागात राहत असे. त्या काळात विषाणूचा प्रवास फ्लॉपीच्या वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने होत असे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या ई-मेलमार्गे पसरलेल्या विषाणूने हा वेग काही तासांवर आणला. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला 'कॉन्फिकर' हा वर्म नेटवर्क व पेन ड्राइव्ह या दोन्ही मार्गांनी पसरला. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप चालू होण्याची विंडोजमधील सोय त्याच्या कामी आली. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही ही सोय अद्ययावतीकरणाद्वारे बंद केली.

महाराष्ट्रातील विषाणूरोधक उद्योगाचा उगमही याच फ्लॉपीच्या काळात आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ करून संगणक दुरुस्तीचा व्यवसाय उभारला. विषाणूग्रस्त संगणक हा त्या व्यवसायातील नित्याचा अनुभव होता. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी संगणकशास्त्राच्या अभ्यासाच्या बळावर विषाणू काढून टाकणारी आज्ञावली विकसित केली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात 'क्विक हील' बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीच्या टेबलावर या उद्योगाचा जन्म झाला, ही बाब लक्षणीय आहे. त्या काळच्या विंडोजमध्ये विषाणूपासून संरक्षण देणारी अंगभूत व्यवस्था नव्हती. त्यामुळे विकतच्या अँटिव्हायरसची गरज निर्विवाद होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून संगणकसाक्षर झालेल्या पिढीच्या मनावर हीच गरज ठसली. परिस्थिती पुढे बदलली. समजूत मात्र तीच राहिली.

४. विषाणूरोधक आज्ञावलीचे कार्य व मर्यादा

विषाणूरोधक आज्ञावली मुख्यत्वे तीन पद्धतींनी काम करते. पहिली पद्धत ओळखखुणांची. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी संगणकावर ठेवून प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. पोलीस ठाण्यात लावलेल्या सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांसारखे हे काम आहे. ज्याचे छायाचित्र नाही, तो निसटतो. दुसरी पद्धत वर्तनाच्या निरीक्षणाची. एखादी आज्ञावली अल्पावधीत शेकडो फाइली बदलू लागली, तर ती अनोळखी असली तरी तिला थांबविले जाते. तिसऱ्या पद्धतीत संशयास्पद फाइलीची माहिती इंटरनेटद्वारे निर्मात्याच्या सर्व्हरकडे पाठवून तेथून निवाडा मागविला जातो. इंटरनेट जोडणी अनियमित असलेल्या ठिकाणी ही पद्धत अर्थातच लंगडी पडते.

या पद्धती कितीही प्रगत झाल्या तरी परिपूर्ण विषाणूरोधक अशक्य आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच सिद्ध केले की, प्रत्येक विषाणू अचूक ओळखेल आणि निर्दोष आज्ञावलीस कधीही दोषी ठरविणार नाही, अशी कोणतीही रीत असू शकत नाही. 'शंभर टक्के संरक्षण' ही शब्दयोजना म्हणूनच जाहिरातीपुरती मानावी.

दुसरी मर्यादा अशी की, विषाणूरोधक आज्ञावलीस संगणकाच्या अंतरंगात सर्वाधिक अधिकार द्यावे लागतात. अशा आज्ञावलीत चूक झाली तर तिचा फटकाही मोठा असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित प्रवेशपत्रे देण्याची वेळ आली. ती आज्ञावली संस्थांसाठीची होती, घरगुती वापराची नव्हती. तथापि सुरक्षा आज्ञावली हीदेखील एक जोखीम असते, हा त्यातील बोध सर्वांसाठी आहे.

तिसरी बाब मोफत अँटिव्हायरसची. अवास्ट या मोफत अँटिव्हायरससाठी ख्यातनाम असलेल्या कंपनीच्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या इंटरनेट वापराची माहिती विकली जात असल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरची आकारणी केली. तात्पर्य, जे मोफत मिळते त्याचे मोल अन्य मार्गाने चुकते होत नाही ना, हे तपासणे अगत्याचे आहे.

५. विंडोजमधील अंगभूत संरक्षण

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' हा मोफत अँटिव्हायरस उपलब्ध करून दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून पूर्ण स्वरूपाचे विषाणूरोधक संरक्षण 'डिफेंडर' या नावाने विंडोजमध्येच समाविष्ट झाले. विंडोज १० व ११ मध्ये ते वापरकर्त्याने काहीही न करता कार्यरत असते आणि विंडोजच्या अद्ययावतीकरणासोबतच त्याच्या ओळखखुणाही ताज्या होतात. प्रारंभीच्या काळात त्याची कामगिरी सामान्य होती. तथापि अलीकडच्या वर्षांत एव्ही-टेस्ट व एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र चाचणी संस्थांच्या तपासण्यांमध्ये ते नामवंत विकतच्या आज्ञावलींच्या बरोबरीने बसते.

येथे व्यवहारातील एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. अन्य अँटिव्हायरस बसविल्यावर डिफेंडर सामान्यतः आपोआप बाजूला होते. नव्या लॅपटॉपसोबत काही काळाकरिता मोफत आलेल्या आज्ञावलीची मुदत संपते, पण ती काढून टाकली जात नाही आणि घरातील मंडळी 'अँटिव्हायरस आहे' या समजुतीत राहतात. अशी मुदत संपलेली आज्ञावली एकतर नूतनीकृत करावी, अन्यथा पूर्णपणे काढून टाकावी. 'विंडोज सिक्युरिटी' या पानावर कोणते संरक्षण सक्रिय आहे, ते स्पष्ट दिसते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालविल्याने सुरक्षितता दुप्पट होत नाही. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात.

विकतच्या आज्ञावलीत मुलांच्या वापरावर नियंत्रण, दूरध्वनीवरून साहाय्य, एकाच परवान्यात मोबाइलचे संरक्षण अशा अतिरिक्त सोयी असतात. त्या सोयींची गरज असेल तर खर्च समर्थनीय ठरतो. केवळ विषाणू शोधण्यासाठी मात्र तो खर्च आता अनिवार्य राहिलेला नाही.

६. अद्ययावतीकरणाचे महत्त्व

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांची कामे ठप्प झाली. ज्या त्रुटीतून हा उपद्रव शिरला, ती दूर करणारे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे सुमारे दोन महिने आधीच प्रसृत केले होते. ज्यांनी ते स्वीकारले होते, त्यांच्या संगणकांचे हे दार बंद होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात 'नॉटपेट्या' या उपद्रवामुळे मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याशी निगडित असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. दूरदेशी सुरू झालेला उपद्रव महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास एक दिवसही लागला नाही.

अँटिव्हायरस हा दारावरील पहारेकरी मानला, तर अद्ययावतीकरण म्हणजे भिंतीला पडलेले भगदाड बुजविणे होय. भगदाड तसेच ठेवून पहारेकरी बदलल्याने घर सुरक्षित होत नाही. विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांपुरती सुरक्षा अद्ययावतीकरणाची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज १० वरील डिफेंडरच्या ओळखखुणा २०२८ पर्यंत पुरविल्या जाणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे; परंतु ओळखखुणा ताज्या असणे आणि प्रणालीतील त्रुटी दुरुस्त होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

७. निर्णयासाठी पाच प्रश्न

उपरोक्त विवेचनाच्या आधारे प्रत्येक कुटुंबाने आपल्या संगणकाविषयी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टीमला निर्मात्याचा आधार आहे काय? आधार असलेली विंडोज नियमितपणे अद्ययावत होत असेल, तर निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. आधार संपलेल्या संगणकावर अँटिव्हायरस बसविणे हा तात्पुरता टेकू होय. असा संगणक विंडोज ११ पेलू शकत नसेल, तर उबुंटूसारखी अथवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली बसविता येते. युनिकोड मराठीचे लेखन तीत उत्तम होते.

दुसरा प्रश्न : संगणकावरील सॉफ्टवेअर कोठून आले आहे? जोडणी संगणक विकत घेताना विंडोज, ऑफिस व पानजुळणीचे सॉफ्टवेअर 'टाकून' देण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. अशा चोरट्या प्रती चालू करण्यासाठी 'क्रॅक' नावाची छोटी आज्ञावली वापरतात आणि ती अडू नये म्हणून अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते. म्हणजेच सर्वाधिक धोक्याच्या क्षणी पहारेकऱ्याला स्वतः रजा दिली जाते. २०१८ पासून घरगुती संगणकांना मोठ्या प्रमाणावर ग्रासणारे 'स्टॉप' वा 'डीजेव्हीयू' या नावाचे रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरले. चोरटे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संगणकाला कोणताही अँटिव्हायरस पुरेसा नाही. लिब्रे ऑफिससारखा अधिकृत व मोफत पर्याय असताना ही जोखीम पत्करण्याचे कारण उरत नाही.

तिसरा प्रश्न : संगणकाला बाहेरून काय जोडले जाते? झेरॉक्स सेंटर, महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि घर अशी फेरी करणारा पेन ड्राइव्ह हा आपल्याकडील प्रमुख वाहक आहे. मूळ फाइली अदृश्य होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागणे, हे त्याचे परिचित लक्षण होय. अशा वेळी शॉर्टकटवर क्लिक न करता प्रथम पेन ड्राइव्हची तपासणी करावी. छपाईसाठी पीडीएफ प्रत ठेवलेला एक स्वतंत्र पेन ड्राइव्ह वापरावा आणि मूळ फाइली त्यात कधीही ठेवू नयेत.

चौथा प्रश्न : संगणक कोण वापरतो व कोणत्या अधिकाराने? एकाच संगणकावर मुलांचे खेळ व पालकांचे बँक व्यवहार चालत असतील, तर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे. मुलांचे खाते प्रशासकीय अधिकाराविना, सामान्य स्वरूपाचे असावे. त्यामुळे पासवर्ड दिल्याशिवाय प्रणालीत बदल करणारे सॉफ्टवेअर बसत नाही. या उपायास एक रुपयाही लागत नाही.

पाचवा प्रश्न : त्यावर काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा सर्वमान्य संकेत आहे. बाह्य हार्ड डिस्क सतत जोडून ठेवल्यास रॅन्समवेअर तिच्यावरील फाइलीही कुलूपबंद करते. म्हणून प्रत घेऊन झाल्यावर ती काढून ठेवावी. इंटरनेटवरील साठवण सोयीची असली तरी बिघडलेली फाइलही तेथे आपोआप पोहोचते, त्यामुळे जुन्या आवृत्त्या जतन करणारी सुविधा निवडावी. प्रत घेण्याइतकेच तीमधून फाइल प्रत्यक्षात उघडून पाहणे आवश्यक आहे.

८. प्रातिनिधिक परिस्थितींचा विचार

या पाच प्रश्नांचे उपयोजन स्पष्ट व्हावे म्हणून पुढे तीन कल्पित परंतु प्रातिनिधिक परिस्थिती घेतल्या आहेत.

(अ) आर्वी येथील प्राध्यापकाकडे अधिकृत विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे. वापर एकट्याचा, सॉफ्टवेअर अधिकृत, इंटरनेट मोबाइलवरून. येथे डिफेंडर पुरेसे आहे. परवान्यावर दरवर्षी होणारा खर्च वाचवून तो बाह्य हार्ड डिस्कसाठी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र माहितीची मर्यादा वाचविण्यासाठी अद्ययावतीकरण थांबवून ठेवले असेल, तर आठवड्यातून एकदा ते पूर्ण करणे अनिवार्य आहे.

(आ) हिंगणघाट येथील एका घरी विंडोज ७ असलेला संगणक केवळ मराठी टंकलेखनासाठी जपून ठेवला आहे. कृतिदेव वा तत्सम जुन्या टंकांत शेकडो पाने टंकलिखित आहेत आणि काही शोधपत्रिका आजही त्याच टंकातील लेख मागतात. मराठी अध्यापकांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. संगणक बदला, असे सांगून ती सुटत नाही. येथे अँटिव्हायरस बसविण्यापेक्षा त्या संगणकाची इंटरनेट जोडणी कायमची काढून टाकणे हा प्रभावी उपाय होय. तयार लेख पेन ड्राइव्हने दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर नेऊन तेथून पाठवावा व जुना मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. बँकेचे व्यवहार या संगणकावर कदापि करू नयेत.

(इ) वर्धा शहरातील एका कुटुंबात एकच संगणक आहे. महाविद्यालयीन मुलगा त्यावर कोठूनही खेळ उतरवून घेतो, आई त्याच संगणकावर प्रश्नपत्रिका तयार करते आणि शेजारपाजारचे विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन येतात. येथे स्वतंत्र खाती, चोरट्या खेळांना मज्जाव आणि पेन ड्राइव्हची तपासणी हे उपाय आधी योजावेत. त्याउपर, वापरावर नियंत्रण ठेवणारी विकतची आज्ञावली घेतल्यास ती उपयुक्त ठरू शकेल. प्रश्नपत्रिका मात्र संगणकावर न ठेवता पासवर्डने बंद केलेल्या स्वतंत्र पेन ड्राइव्हवर ठेवावी.

या तिन्ही परिस्थितींत विकतचा अँटिव्हायरस हा उपायांच्या यादीत असलाच तर शेवटी येतो.

९. विषाणूरोधकाच्या कक्षेबाहेरील धोके

आजच्या आर्थिक फसवणुकीचा मोठा भाग विषाणूशिवाय होतो. 'डिजिटल अटक' या नावाने दाखविली जाणारी भीती, बँकेच्या नावाने येणारा संदेश, वीजपुरवठा खंडित होण्याची खोटी सूचना यांत वापरकर्ता स्वतःच्या हाताने माहिती वा पैसे देतो. 'आपल्या संगणकात विषाणू आढळला आहे, या क्रमांकावर संपर्क साधा' असा फलक दाखवून दूरस्थ नियंत्रण मिळविणारी टोळी तर विषाणूच्या भीतीचेच भांडवल करते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या वा वाहतूक चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल संगणकापेक्षा मोबाइलला लक्ष्य करते.

अशा प्रसंगी संस्थात्मक साहाय्याची माहिती असणे उपयुक्त आहे. आर्थिक फसवणूक होताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. भारत सरकारच्या सर्ट-इन या २००४ पासून कार्यरत संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे विषाणू काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. रॅन्समवेअरने फाइली बंद केल्यास खंडणी देण्यापूर्वी, युरोपोल व अन्य भागीदारांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात त्या प्रकाराची किल्ली मोफत उपलब्ध आहे काय, हे पाहावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये दुसऱ्याच्या संगणकात हेतुपुरस्सर विषाणू सोडणे हा दंडनीय अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१०. निष्कर्ष

१) विकतच्या अँटिव्हायरसची सार्वत्रिक गरज ही विंडोजमध्ये अंगभूत संरक्षण नसलेल्या काळाची देणगी आहे. २०१२ नंतरच्या विंडोजमध्ये ती स्थिती राहिलेली नाही.

२) अधिकृत, आधार असलेल्या व नियमित अद्ययावत होणाऱ्या विंडोजवर अंगभूत डिफेंडर सर्वसाधारण घरगुती वापरासाठी पुरेसे आहे. ते बंद करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

३) आधार संपलेली प्रणाली आणि चोरटे सॉफ्टवेअर या दोन दोषांवर अँटिव्हायरस हा इलाज नाही, मूळ दोषच दूर केला पाहिजे.

४) अनेकांच्या वापरातील, वारंवार परके पेन ड्राइव्ह जोडले जाणाऱ्या संगणकास अतिरिक्त सोयी असलेली विकतची आज्ञावली पूरक ठरू शकते.

५) शोधकार्य, विद्यार्थ्यांची कागदपत्रे व प्रश्नपत्रिका यांच्या संदर्भात दुसरी प्रत व गोपनीयता यांना अँटिव्हायरसपेक्षा अग्रक्रम द्यावा.

विद्यार्थी आपला जातीचा दाखला, बँक पुस्तकाची प्रत वा शोधप्रबंधाचे प्रकरण प्राध्यापकाच्या हाती विश्वासाने सोपवितो. तो कागद घरातील संगणकात गेल्यावर त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणत्याही कंपनीच्या परवान्याकडे हस्तांतरित होत नाही. ती प्राध्यापकाकडेच राहते. महाविद्यालयांनी सत्रारंभी एका दुपारच्या कार्यशाळेत प्रत्येक प्राध्यापकाकडून उपरोक्त पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घेतली आणि दुसरी प्रत प्रत्यक्षात तयार करवून घेतली, तर या जबाबदारीचे निर्वहन बऱ्याच अंशी सुकर होईल.